सासरच्या जमिनीचे जुने कागद : नॉर्थ कॅरोलायनातला अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या सासरच्या शेताचा नवा दस्त एकदाचा रजिस्टर झाला आणि जुने कागद अर्काइव्हला (जुन्या कागदांच्या संग्रहाला) देऊन झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू केलेलं काम २०२५ च्या उन्हाळ्यात संपलं. सुरू केलं तेव्हा कुठून धरायचं तेच कळत नव्हतं, आणि मराठीत या विषयावर काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. इथे लग्न होऊन आलेल्या, किंवा इथे जमीन घेतलेल्या, किंवा नुसतीच जुन्या कागदांची आवड असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा.

आधी थोडी ओळख. मी कराडकडची. नवरा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचा, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातला. व्हर्जिनियाच्या सीमेलगतच्या एका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) त्यांची एक्केचाळीस एकर जमीन आहे, पूर्वी तंबाखू व्हायचा, आता सोयाबीन आणि थोडं गवत, एक शेजारी खंडाने करतो. (काउंटीचं नाव मुद्दाम देत नाही, घरातल्या सगळ्यांना ते नकोय.) जमीन कागदोपत्री नवऱ्याच्या पणजोबांच्या नावावर. ते १९५८ साली मृत्युपत्र न करता गेले आणि त्यानंतर कुणी काही केलंच नाही. असं झालं की इथल्या कायद्याने सगळे वारस अविभक्त हिस्सेदार होतात, पिढी वाढली की हिस्से वाढत जातात, आणि त्यातला कुणीही एक जण कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो. वाटणी करणं शक्य नाही असं कोर्टाला वाटलं तर सगळी जमीन लिलावात जाऊ शकते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी ज्या कारणांनी गेल्या त्यातलं हे एक मोठं कारण. १९२० च्या जनगणनेत देशात सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, २०२२ च्या शेतीगणनेत ते पन्नास हजारांच्या आत आहेत. हे आकडे मी आधी वाचले होते, पण त्यांचा अर्थ पोटात गेला तो आमच्या घरी पत्र आलं तेव्हा.

म्हणजे पत्र आम्हाला नव्हतं आलं, डेट्रॉइटला राहणाऱ्या एका चुलत दिराला आलं होतं. कुठल्या तरी जमीन घेणाऱ्या कंपनीने लिहिलं होतं की तुमचा अविभक्त हिस्सा आम्हाला विका, इतके डॉलर रोख देतो. त्याने कधी ते शेत पाहिलंही नव्हतं. पण तो भला माणूस, त्याने विकायच्या आधी सासूबाईंना फोन केला. त्या दिवसापासून सासूबाईंची झोप गेली. एकदा बाहेरचा माणूस हिस्सेदार झाला की तो उद्या कोर्टात जाणार हे त्यांना माहीत होतं, दोन गावं सोडून एका कुटुंबाचं तसंच झालेलं.

घरात वकील कुणी नाही. मी लहानपणापासून आजोबांबरोबर तलाठ्याकडे, भूमिअभिलेखला जाऊन बसलेली, फेरफार म्हणजे काय, वारस नोंद म्हणजे काय हे माहीत असलेली, त्यामुळे मीच म्हटलं की कागद मी शोधते. वकिलाशी पहिल्यांदा बोललो तेव्हा तो म्हणाला की संशोधन तुम्ही करून आणलंत तर माझी फी निम्म्यावर येईल. हे अगदी खरं निघालं, म्हणून पहिली टीप हीच. वंशावळ आणि दस्तांची साखळी स्वतः तयार करा, वकिलाच्या तासांचे पैसे त्यात घालवू नका.

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून केली. आत्येसासूबाई तेव्हा शहाऐंशीच्या. रविवारी चर्चवरून आल्या की जेवणं झाल्यावर मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून बसायची. पहिल्यांदा त्या फार बोलेनात. मग मी जमिनीचं विचारणं सोडलं आणि तंबाखूचं विचारलं, पानं कशी बांधायची, बार्नमध्ये, म्हणजे पानं वाळवायच्या कोठारात, रात्रभर आग कोण सांभाळायचं, तर त्यातून सगळी माणसं आपोआप बाहेर आली. कोण कुणाचा, कोण कुठे गेला, कुणाची बायको कोण. १९४० नंतर अर्धं कुटुंब उत्तरेला गेलेलं, फिलाडेल्फिया, नेवार्क, डेट्रॉइट. आत्येसासूबाईंनी मग कपाटातून अंत्यसंस्काराच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा काढला. इथल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये प्रत्येक अंत्यविधीची अशी पत्रिका छापतात, त्यात त्या माणसाचं थोडक्यात चरित्र, आईवडील, मुलं, नातवंडं, आधी गेलेली भावंडं सगळं असतं. पन्नास-साठ वर्षांच्या पत्रिका होत्या. वारसांची यादी करायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही मिळालं नाही. तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर सगळ्यात आधी याच मागा.

त्याच कपाटात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात टॅक्सच्या पावत्या, खताच्या दुकानाची बिलं, तंबाखूच्या कोट्याची (किती पिकवायचा याची सरकारी मर्यादा) कार्डं आणि घडीवर फाटलेले काही दस्त. तो डबा मी लगेच उघडून पसरला नाही. आधी जसा होता तसा वरून फोटो काढला, मग एकेक कागद काढून क्रमांक घालून फोटो. पेन्सिलनेच लिहायचं, आणि कागदावर नाही, बाहेरच्या पाकिटावर. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या हळूच काढायच्या. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, केलेलं परत निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो.

मार्च महिन्यात काउंटीच्या वेबसाइटवर जमिनीचा पार्सल नंबर (आपल्या गट नंबरसारखा) काढला. इथे जवळजवळ प्रत्येक काउंटीचा नकाशा ऑनलाइन असतो, त्यावर क्लिक केलं की टॅक्सची माहिती येते, फुकट. आमच्या नोंदीत मालकाच्या जागी पणजोबांचं नाव आणि पुढे ‘हेअर्स’, म्हणजे वारस, एवढंच. टॅक्स सासूबाई भरत आल्यात, पावत्या त्यांच्या नावावर, पण टॅक्स भरल्याने मालकी होत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे झालं असं समजतात तसंच इथेही बऱ्याच जणांना वाटतं. मालकी दस्तातून आणि वारसाहक्कातून येते, टॅक्सची नोंद ही फक्त वसुलीसाठी.

नंतर रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे दस्त नोंदणीचं ऑफिस. नॉर्थ कॅरोलायनाच्या शंभर काउंट्या आणि प्रत्येकीत हे ऑफिस. आपल्या दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू बघतात तशी इथे देणाऱ्याच्या नावाची एक आणि घेणाऱ्याच्या नावाची एक अशा दोन सूची असतात. आज ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, तो दस्त काढायचा, त्यात विकणाऱ्याचं नाव मिळतं, मग ते नाव घेणाऱ्यांच्या सूचीत, असं मागे मागे जायचं. अलीकडची पुस्तकं ऑनलाइन आहेत, जुनीही बऱ्याच काउंट्यांनी स्कॅन केलीत, पण मी प्रत्यक्ष गेले आणि जाणं फायद्याचं ठरलं. लोखंडी कपाटात रुळांवर सरकणारी ती मोठी पुस्तकं, एकेक उचलताना दोन हात लागतात. बघायला पैसे नाहीत, ओळखपत्र विचारलं नाही, कुणीही नागरिक, परदेशी, कुणीही येऊन बघू शकतं. साधी प्रत अगदी किरकोळ पैशांत, आणि शिक्क्याची प्रत पहिल्या पानाला पाच डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला दोन. सगळ्यांच्या शिक्क्याच्या प्रती घेऊ नका, वकील सांगेल तेवढ्याच घ्या.

तिथे रोज येणारी टायटल (जमिनीचा मालकीहक्क) शोधणारी मंडळी असतात, टेबलावर बसलेली. त्यातल्या एका बाईंनी मला न विचारता मदत केली, सूचीत आडनावं नुसत्या वर्णक्रमाने नसतात, आडनावातल्या ठरावीक अक्षरांप्रमाणे गट पाडलेले असतात, तो तक्ता मुखपृष्ठाच्या आत असतो हे त्यांनी दाखवलं. नाहीतर मी दिवसभर पानं उलटत बसले असते.

खापरपणजोबांचा खरेदीचा दस्त सापडला तो १८९४ चा. बावन्न एकर, दोनशे साठ डॉलर. ते साधारण १८५६ चे, म्हणजे जन्मले तेव्हा गुलाम होते, कायद्याने स्वतःच्या शरीरावरही हक्क नव्हता. अडतिसाव्या वर्षी त्या पुस्तकात घेणारा म्हणून त्यांचं नाव, आडनावासकट. मी ते पान वाचत असताना नवरा शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही, नुसता त्या नावावरून बोट फिरवत राहिला. मी त्याला हळूच सांगितलं की शाईवर बोट लावू नकोस.

दस्तातली चतुःसीमा वाचण्यात माझा बराच वेळ गेला आणि मला ते फार आवडलंही. सुरुवात एका पांढऱ्या ओकपासून, तिथून अमुक अंशात इतके पोल एका दगडापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणावळणाने खाली, मग शेजाऱ्याच्या कोपऱ्यावरच्या पाइन झाडापाशी, आणि परत सुरुवातीला. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आता गंमत बघा, आपल्याकडे मुंबई इलाख्यात जमिनी मोजल्या ती साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे बरोबर दोन पोल. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे आपला गुंठा, तो इथल्या मापात चार चौरस पोल, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे एकशे साठ चौरस पोल. दोन्हीकडे माप एकाच इंग्रजी मोजणीतून आलेलं. शंभर पोलची बांधाची रेघ म्हणजे आपल्या पन्नास साखळ्या. मी आजोबांची पद्धत वापरून ग्राफपेपरवर सगळा नकाशा काढला, कोन टाकत टाकत, आणि शेवटची रेघ जवळजवळ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली. नंतर सर्व्हेअरने तो कागद बघून विचारलं की तुम्ही हे काम करता का. तुम्हाला हाताने नको असेल तर फुकटची सॉफ्टवेअर आहेत, पण एकदा हाताने काढून बघा, जमीन डोक्यात बसते.

त्यानंतरचा शोध मी अपेक्षिलाच नव्हता. देणाऱ्यांच्या सूचीत खापरपणजोबांचं नाव बघत गेले तर दरवर्षी वसंत ऋतूत एकेक गहाणखत. येणारं पीक तारण ठेवून दुकानदाराकडून खत, धान्य, अवजारं उधार घेतलेली. तंबाखू विकला की कर्ज फिटायचं, पुढच्या वर्षी परत तेच. तारणात पिकाबरोबर जनावरंही लिहिलेली, आणि जनावरांची नावं. एका वर्षी केट नावाची तपकिरी खेचरी, सहा वर्षांची. पुढच्या वर्षी केट, सात वर्षांची. अशी केट अकरा वर्षांची होईपर्यंत त्या पुस्तकात दिसते आणि मग तिच्या जागी दुसरं नाव येतं. एका कुटुंबाने आपली एकुलती खेचरी दरवर्षी पणाला लावून जमीन राखली हे मला कुठल्या इतिहासाच्या पुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. जमीन घेतानाचं मूळ गहाण १९०३ साली फिटलं, त्याची नोंद त्याच पानाच्या समासात, आडव्या अक्षरात. म्हणून टीप, पानाचा फोटो काढताना समास कापू नका. कर्ज फिटल्याचा पुरावा बरेचदा समासातच असतो.

आणखी एक गोष्ट. पुस्तकातला दस्त ही कारकुनाने उतरवलेली नक्कल असते, मूळ कागद मालकाला परत दिलेला असतो. खापरपणजोबांना लिहिता येत नव्हतं, पुस्तकात त्यांच्या नावाच्या मध्ये एक फुली आहे, ती कारकुनाची. पण फिटलेलं मूळ गहाणखत आमच्या डब्यात निघालं. त्यावरची फुली त्यांच्या हातची. एक रेघ जाड आणि दुसरी टोकाला वाकलेली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि डबा स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला.

खापरपणजोबा १९२६ साली वारले. मृत्युपत्र त्यांचंही नव्हतं. पण तेव्हा मुलांनी रीतसर वाटणी केलेली, ती रजिस्टरच्या ऑफिसात नाही तर क्लर्क ऑफ सुपीरियर कोर्टाकडे (काउंटीतल्या कोर्टाचं दप्तर सांभाळणारा अधिकारी), स्पेशल प्रोसीडिंग्जच्या फाइलीत सापडली. ही जागा बऱ्याच जणांना माहीत नसते. कोर्टाने तीन कमिशनर नेमले, त्यांनी जमीन फिरून पाच हिस्से पाडले, विधवेला हयातभरासाठी एक तृतीयांश हिस्सा राखला, आणि नकाशा जोडला. त्या एका फाइलीत सगळ्या मुलांची नावं, लग्न झालेल्या मुलींच्या नवऱ्यांची नावं, कोण अल्पवयीन होतं हे सगळं मिळालं. तोवर ओकच्या झाडाच्या जागी लोखंडी खुंटी आलेली. पणजोबांनी पुढे दोन बहिणींचा आणि एका भावाचा हिस्सा विकत घेतला म्हणून एक्केचाळीस एकर झाली, पाचवा हिस्सा मंदीच्या काळात बाहेर गेला. बहिणीच्या १९४६ च्या दस्तात किंमत म्हणून फक्त ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ असं लिहिलेलं, इथे तशी पद्धतच आहे. पण त्यावर एक डॉलर दहा सेंटचे सरकारी स्टॅम्प होते. तेव्हा दर पाचशे डॉलरला पंचावन्न सेंट असा दर होता, म्हणजे खरी किंमत पाचशे ते हजार डॉलरच्या मध्ये. भावाने बहिणीला योग्य पैसे दिले होते की नाही यावर घरात जुना वाद होता, तो या स्टॅम्पांनी मिटला.

मग मृत्यूचे दाखले. नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर जन्ममृत्यूची नोंद १९१३ पासून, त्यामुळे आम्हाला लागणारे बहुतेक मिळाले. काउंटीतून शिक्क्याचा दाखला दहा डॉलर आणि हातोहात, राज्याच्या ऑफिसातून चोवीस डॉलर आणि आठवड्यांचा वेटिंग. दुसऱ्या राज्यात वारलेल्यांचे दाखले त्या त्या राज्यातून, प्रत्येकाचे नियम वेगळे, काही ठिकाणी जवळच्या नात्याचा पुरावा मागतात. या टप्प्यात २०२३ चा सगळा पावसाळा... इथे पावसाळा नसतो, पण तेवढे महिने गेले. या काळात कंटाळा येतो आणि काम सुटून जातं. मी भिंतीवर वंशावळ चिकटवली आणि दाखला आला की त्या नावाला हिरवी खूण, एवढ्याने चालू राहिलं.

कायद्याच्या कामाला इथपर्यंत पुरेसं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, आता इथवर आलीच आहेस बाळा, तर त्यांच्या आईवडिलांपर्यंत जा. म्हणून रालीला स्टेट अर्काइव्हज. तिथे आधी नाव नोंदवून, फोटो ओळखपत्र दाखवून कार्ड करायचं, बॅग लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल, कागद, लॅपटॉप आणि फोन. पैसे नाहीत. निघण्यापूर्वी त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग बघून बॉक्सचे नंबर लिहून न्या, अर्धा दिवस वाचतो. आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर घरबसल्या फुकट जे दिसतं ते आधी संपवून जा.

जनगणनेचे कागद असे वाचायचे. १९०० च्या जनगणनेत उजव्या टोकाच्या रकान्यांत घर स्वतःचं की भाड्याचं, मोकळं की गहाण, आणि शेत की नुसतं घर अशी एकेक अक्षरं असतात. खापरपणजोबांच्या ओळीत ओ, एम, एफ. स्वतःचं, गहाण, शेत. गहाण १९०३ ला फिटलं, म्हणजे जुळलं. १८९० ची जनगणना जवळजवळ नाहीच, १९२१ च्या आगीनंतर ती गेली. १८८० ला शेतीचं वेगळं पत्रक होतं, त्यात मालक, ठरावीक रोख खंडाने, की पिकाच्या वाट्याने असे तीन रकाने. खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे खूण तिसऱ्या रकान्यात. वाट्याने. थोडी मका, थोडा तंबाखू, एक गाय. दुसऱ्याच्या जमिनीवर.

१८७० ची जनगणना ही पहिली, ज्यात मुक्त झालेली सगळी माणसं नावाने आली. त्यामागे १८६० ला गेलं तर गुलामांचं वेगळं पत्रक, त्यात नाव फक्त मालकाचं, खाली वय, स्त्री की पुरुष, आणि रंग. पुरुष, चार, काळा. एवढंच. तो चार वर्षांचा मुलगा आमचा आहे का? सांगता येत नाही. मी त्या पानापुढे बराच वेळ बसले आणि मग कॉरिडॉरमध्ये जाऊन पाणी पिऊन आले.

दिलासा मिळाला तो १८६६ च्या नोंदीत. त्या वर्षी राज्याने कायदा करून पूर्वी गुलाम असलेल्या जोडप्यांना आपण नवराबायको म्हणून राहतो हे क्लर्क किंवा जस्टिस ऑफ द पीसपुढे (स्थानिक पातळीवरचा न्यायाधीश) नोंदवायला सांगितलं, फी पंचवीस सेंट. गुलामीत लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती. सगळ्या काउंट्यांच्या नोंदी टिकलेल्या नाहीत, आमच्या काउंटीच्या आहेत. त्यात खापरपणजोबांचे आईवडील मिळाले, दोघांची नावं आणि किती वर्षांपासून एकत्र राहतात तो आकडा, तेरा वर्षं. मुक्ती मिळून वर्षभरच झालेलं, हातात काही नाही, तरी पंचवीस सेंट भरून त्यांनी ते लिहवून घेतलं. कुटुंबाचा सगळ्यात जुना स्वतःच्या इच्छेने केलेला कागद हाच.

त्यानंतर चॅपल हिलच्या विद्यापीठाची विल्सन लायब्ररी. तिथे सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन आहे, १९३० साली सुरू झालेलं, दक्षिणेतल्या कुटुंबांची पत्रं, हिशेबाच्या वह्या, डायऱ्या. ज्या जमीनदाराच्या नावाखाली गुलामांचं ते पत्रक होतं त्याच्या कुटुंबाचे कागद तिथे आहेत. अकाउंट काढून, यादीतून फोल्डर निवडून, आधी मागणी नोंदवून जायचं, कारण बरेच बॉक्स बाहेरच्या गोदामातून येतात. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर, फ्लॅश न लावता फोटो चालतात. हिशेबाच्या वहीत बूट वाटपाची यादी होती, नुसती पहिली नावं आणि मापं. त्यात खापरपणजोबांच्या वडिलांचं आणि आईचं नाव आहे. नावं साधी, त्या काळी कित्येकांची असतील, म्हणून वंशावळीत ते मी ‘शक्यता’ म्हणूनच लिहिलंय. पुराव्यापुढे पाऊल टाकायचं नाही हा नियम मी शेवटपर्यंत पाळला आणि तुम्हीही पाळा, कारण एक चुकीचं नाव घुसलं की पुढची माणसं त्यावरच इमले बांधतात.

त्या दिवशी घरी येताना गाडीत मनात एकच चालू होतं. जमीनदाराच्या घरच्या पाहुण्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्यासुद्धा आम्लविरहित फोल्डरमध्ये, नंबर घालून, थंड खोलीत. आणि ज्यांनी ती जमीन कसली त्यांचा सगळा इतिहास एका बिस्किटाच्या डब्यात. मी सासूबाईंना तेव्हाच म्हटलं की आपला डबाही अशा ठिकाणी गेला पाहिजे. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. सरकारी माणसांच्या हातात कागद दिला की तो परत येत नाही हे त्यांच्या पिढीने पाहिलेलं आहे, आणि मला ते चूक वाटत नाही.

२०२४ मध्ये वकिलाकडे फाइल गेली. एकूण सदतीस वारस निघाले. सगळ्यांच्या सहमतीने कुटुंबाची एक एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) करून सर्वांनी आपापला हिस्सा तिला लिहून द्यायचा, आणि कुणाला बाहेर पडायचं असेल तर आधी घरच्यांना विचारायचं, असं ठरलं. कायदा राज्यागणिक वेगळा आहे, त्यामुळे आमचं ठरलं ते तुमच्याकडे जसंच्या तसं लावू नका. ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले, जे येऊ शकले नाहीत ते व्हिडिओवर. मी केटची गहाणखतं क्रमाने भिंतीवर लावली होती. डेट्रॉइटचा चुलत दीर पहिल्यांदाच आला होता. तो त्या कागदांपुढून हललाच नाही, आणि सही करणारा पहिला तोच. बाकीच्यांच्या सह्या त्यांच्या त्यांच्या गावी नोटरीपुढे, त्यात २०२५ चा वसंत उजाडला. दोन वारसांनी सही केलेली नाही, त्यांचा हिस्सा त्यांच्याकडेच आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे आणि कुणी त्यांच्यावर चिडलेलं नाही.

खर्च असा आला. सर्व्हे साडेतीन हजार डॉलर, वकील जवळपास सहा हजार, दाखले आणि प्रती मिळून चारेकशे, दस्त नोंदणीला पंधरा पानांपर्यंत सव्वीस डॉलर आणि पुढे पानाला चार. सर्व्हेअरला मी १९३८ चा हवाई फोटो दिला होता, शेती खात्याने त्या काळी विमानातून काढलेले फोटो बऱ्याच काउंट्यांचे मिळतात. त्यात तंबाखूचे दोन बार्न आणि सीडरच्या झाडांचा एक पुंजका दिसत होता. तिथेच कुटुंबाची दफनभूमी निघाली, अर्धी झुडपात गेलेली. नव्या दस्तात ती वेगळी मोजून राखून ठेवलीय.

कोट्याची कार्डंही कामी आली. तंबाखूचा कोटा १९३८ पासून २००४ च्या कायद्याने बंद होईपर्यंत शेताला बांधलेला असायचा, त्यामुळे सलग कोण कसत होतं याचा पुरावा त्यात मिळतो. शेती खात्याच्या काउंटी ऑफिसात फार्म नंबर लागतो, तो नसेल तर कुठलीच योजना, कर्ज, नुकसानभरपाई नाही. पूर्वी सामाईक वारसांना तो मिळताना फार अडायचं, २०१८ च्या फार्म बिलानंतर (केंद्र सरकारचा शेतीविषयक कायदा) पर्यायी कागदांवर देतात. आमच्याकडच्या शेजाऱ्याचं अजून ते झालेलं नव्हतं, त्याला मी आमच्या फाइलची प्रत दिलीय, कुठला कागद कुठे मागायचा ते कळावं म्हणून.

डब्याचं शेवटी असं झालं. सासूबाई स्वतः माझ्याबरोबर दोन संस्थांमध्ये आल्या, प्रश्न विचारले, कपाटं बघितली. एका विद्यापीठाच्या संग्रहाला मूळ कागद दिले. देण्याआधी दानपत्र नीट वाचा, त्यात कुणाला बघता येईल, छापायला परवानगी कुणाची, संस्थेला नको असलेला कागद परत मिळेल का हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्यात बदल मागता येतात. आम्ही दोन बदल मागितले, दोन्ही मान्य झाले. फुलीचं गहाणखत सासूबाईंनी दिलं नाही, त्याची स्कॅन दिली. मूळ त्यांच्याकडेच राहणार आणि त्यांच्यानंतर ते कुणाकडे जाईल हे त्यांनी या वेळी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय. संग्रहाची यादी व्हायला वर्षभर लागेल असं तिथल्या बाईंनी सांगितलंय, तोवर कुणाला वंशावळीच्या तक्त्याचा किंवा वकिलाला दिलेल्या दस्तसूचीचा नमुना हवा असेल तर मागा, नावं काढून पाठवते.